वैवाहिक स्थितीत बदल

परळच्या सभागृहात पडदा लावून
आम्हाला नवा कायदा शिकवला.
विसाचे चोवीस झाले, मधे हिरवा बाण.
'पती' गेला, 'जोडीदार' आला.
चहा, दोन बिस्किटं, एक पेन.
मी हात वर केला:
आणि साहेब, नंतर घरी गेलेल्या बाईचं काय?
मागे कुणीतरी हसलं.
साहेब म्हणाले, तो विषय दुसऱ्या खात्याचा.
पेन घेऊन मी गोवंडीला परत आले.

नवे फॉर्म यायला आठ महिने लागले.
तोवर जुन्यांवरच खोडत राहिले,
एकेका 'पती'वर एकेक निळी रेघ.
माझं स्वतःचं लग्न सव्वीस वर्षांचं.
त्या दिवसांत रात्री ह्यांना वाढताना
उगीच एक पळी भाजी जास्त पडायची.

उज्ज्वला खिल्लारे आली बुधवारी,
केसपेपरची खिडकी बंद होता होता.
पिशव्यांना बंद शिवते, नगावर पैसे.
बावीस आठवडे.
इतके दिवस कुठे होतीस, कुणीतरी विचारलंच.
ती म्हणाली, दहावं, तेरावं,
मग पोलीस ठाणं, मग ठेकेदार.
मुलुंडला अकराव्या मजल्यावर परांची सुटली होती.

ह्याला फॉर्मवर शब्द आहेत:
वैवाहिक स्थितीत बदल.
शेजारी चौकोन. बरोबरची खूण करायची.
ती चौकोनाकडे बघत राहिली,
पत्ता शोधत आलेलं माणूस
बंद दाराकडे बघतं तशी.
मग खालची ओळ वाचून म्हणाली,
जोडीदार? आमच्याकडे बैलाला म्हणतात.
एक गेला की दुसऱ्याला बाजार दाखवतात.

सगळं सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगितलं.
ठेवायचं असेल तर ही मदत, ती मदत,
निराधारचा अर्ज, पाळणाघर.
पाळणाघराला दिवाळीपासून कुलूप आहे, तेही सांगितलं.
मदतीचं तिला माहीत होतं.
मृत्यूच्या दाखल्यावर खिलारे, एका ल चा,
आधारवर दोन ल.
त्या एका ल पायी अडीच महिने
ती तीन खिडक्यांवर उभी राहिलीय,
आणि उभं राहिलं त्या दिवसाचे नग शून्य.

तिची पहिलीतली प्रणाली माझ्या खुर्चीत बसून
जुन्या फॉर्मांच्या पाठीवर
पायवाला मासा काढत होती.

सह्या किती?
तुझी एक.
सासूची?
नाही.
ठेकेदाराची?
नाही गं. तुझीच.
बाकी दोन डॉक्टर करतील.
तिने पेन हातात घेतलं, टोपण काढलं,
पुन्हा लावलं. पंख्याने कागद उडत होता,
मी त्याच्यावर माझा डबा ठेवला.
मग तिने सही केली,
खिल्लारे, दोन्ही ल नीट सुटे, मोठे.

सासू दारातच होती. सरूबाई.
आता रडणार, मी मनाशी म्हटलं,
माझ्या लेकाची खूण म्हणून पाय धरणार.
ती आत आली आणि म्हणाली, माझा अंगठा घ्या.
आजी, लागत नाही तुमचा.
लागत नाही ते कळतंय मला.
पण उद्या गावात कुणी बोललं,
नवऱ्यामागे हिने एकटीने केलं,
तर सांगीन, कागदावर मीपण हाय.

कायद्यात ह्याला जागा नाही.
कायद्याने तर मोठ्या कष्टाने
सगळे अंगठे बाहेर काढलेत,
ते बरंच झालं, मी किती वर्षं बघतेय.
तरी मी शाईचा डबा उघडला.
गठ्ठ्यातला एक जुना फॉर्म सरकवला,
आणि तिचा अंगठा, जाड, चुन्याने फाटलेला,
निळ्या रेघेवर उमटला,
खोडलेल्या 'पती'च्या बरोबर वर.

हा कागद कोणत्याच फाइलीत जाणार नाही.

बाहेर पडताना ती भिंतीला शाई पुसत होती.
मी ओरडणार होते. नाही ओरडले.
उज्ज्वला हिशेब करत होती,
शनिवारी सोडलं तर सोमवारी कामावर.
प्रणालीने मासा मागितला,
मी तो फॉर्मसकट देऊन टाकला.